मुक्या साक्षीदारांची कैफियत

येडशीजवळच्या घाटात, बालाघाटाच्या डोंगरराजीत दडलेले रामलिंगाचे जे शिवालय आहे, त्याच्याविषयी धाराशिव जिल्ह्यातील आबालवृद्ध एक कथा सांगतात. सीतेला घेऊन निघालेल्या रावणाला जटायूने याच ठिकाणी अडविले, पंख तुटून तो याच भूमीवर कोसळला, आणि त्याची तहान भागविण्यासाठी श्रीरामांनी बाण मारून येथे पाणी काढले, अशी ती कथा. देवळाच्या परिसरात जटायूची समाधीही भाविकांना दाखवितात. नाशिक जिल्ह्यातील टाकेद, आंध्रातील लेपाक्षी आणि केरळातील चडयमंगलम ही स्थळेही हाच मान आपल्याकडे घेतात, आणि त्यांपैकी कोणाचा दावा ग्राह्य धरावा याचा निवाडा करण्याचे मला प्रयोजन दिसत नाही. एका जखमी गिधाडाने आपल्याच शिवारात देह ठेवला असावा असे इतक्या मुलखांतील लोकांना मनापासून वाटावे, ही गोष्टच मला त्या निवाड्याहून अधिक मोलाची वाटते.

मात्र या कथेचा एक भाग असा आहे की जो देवळात सहसा सांगितला जात नाही, आणि मुलांसाठी गोष्टी लिहिणाऱ्या प्रत्येकाने जो मूळ अरण्यकांडात अवश्य वाचावा. सीता आश्रमात नाही असे पाहून राम-लक्ष्मण शोधास निघतात तेव्हा त्यांना प्रथम वाट दाखवितात ती हरिणे. ती उठून उभी राहतात, दक्षिणेकडे तोंड करतात, आकाशाकडे पाहतात, आणि लक्ष्मण त्यांच्या त्या मुद्रेचा अर्थ लावतो. पुढे गेल्यावर जमिनीवर गळालेली फुले आढळतात, आणि ती आपणच सीतेला दिली होती हे राम ओळखतो. मग राक्षसाची प्रचंड पावले आणि त्यांच्या आगेमागे धावलेली सीतेची पावले. मग मोडलेले धनुष्य, विखुरलेले भाते, भंगलेला रथ, मरून पडलेला सारथी. या साऱ्या खुणा पाहून क्रोधाने त्रैलोक्य जाळावयास निघालेल्या वडील बंधूला लक्ष्मण जे सांगतो ते तर कसलेल्या तपासनिसाचे बोलणे आहे: येथे झुंज झाली ती एकाच रथीची आहे, सैन्याच्या पावलांची खूण कोठेही नाही, सबब एकाच्या अपराधापायी सर्वांना दंड करणे न्याय्य ठरणार नाही. आणि इतका विवेक ऐकून घेतल्यानंतरही, थोड्याच अंतरावर रक्ताने माखलेले एक अवाढव्य गिधाड दिसताच, रामाच्या मनात पहिला विचार येतो तो हाच की यानेच सीतेला भक्षिले असावे. तो धनुष्याला बाण लावून त्याच्यावर चाल करून जातो. त्याच क्षणी तो मरणोन्मुख पक्षी बोलू लागतो, आणि ज्याला आरोपी समजून ठार करावयाचे तोच या प्रकरणातील एकमेव प्रत्यक्षदर्शी साक्षीदार ठरतो. जबानी अपुरी राहते, अपहरण करणाऱ्याचे कुळ सांगता सांगता त्याचे प्राण जातात. आणि राम त्याचा अग्निसंस्कार आपल्या पित्याप्रमाणे करून गोदावरीत त्याला तिलांजली देतो.

शोधकथेचा सारा प्राण या प्रसंगात आहे, आणि माझ्या मते करुणेचाही आहे. पशुपक्ष्यांवर प्रेम करावे, त्यांना दगड मारू नयेत, असा उपदेश आपण मुलांना करतो तो त्यांच्या मनाच्या पृष्ठभागावरून ओघळून जातो. परंतु ज्या प्राण्यावर आपण स्वतः संशय घेतला, ज्याला मनातल्या मनात गुन्हेगार ठरविले, तोच निरपराध, किंबहुना आपला उपकारकर्ता होता, असे पुराव्यानिशी उलगडते तेव्हा वाचणाऱ्या मुलाच्या अंतःकरणात जी खळबळ उडते तिला शिक्षकाची गरज उरत नाही. मनुष्य आरोपी असेल तर तो स्वतःचा बचाव करू शकतो, साक्षीदार आणू शकतो, वेळप्रसंगी वकील देऊ शकतो. जनावर यांपैकी काहीच करू शकत नाही. त्याची कैफियत त्याच्या पावलांत, त्याच्या दातांत, त्याच्या नजरेच्या रोखात लिहिलेली असते, आणि ती वाचण्याचे श्रम दुसऱ्या कोणी तरी घ्यावे लागतात. हे श्रम घेणे हीच दया, असे मला म्हणावयाचे आहे. आणि प्राणी नायक असलेल्या बालशोधकथांकडे केवळ करमणूक म्हणून पाहणाऱ्या पालकांचे मत पालटावे, म्हणून हा लेखनप्रपंच आहे.

श्रम न घेतल्यास काय होते याचा दाखला आपल्या प्रत्येक घरात सांगितला जातो. पाळण्यातल्या मुलापाशी मुंगसाला ठेवून आई पाण्याला जाते; परत येते तो मुंगूस रक्ताळलेल्या तोंडाने दारात सामोरे येते; त्याने मुलाला मारले अशा समजुतीने ती भरलेली घागर त्याच्या अंगावर टाकते; आणि आत गेल्यावर तिला सुखरूप निजलेले मूल आणि पाळण्याशेजारी मरून पडलेला साप दिसतो. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रात ही कथा येते आणि त्या तंत्राला नावच ‘अपरीक्षितकारक’ असे आहे. जटायूच्या अंगावरचे रक्त आणि मुंगसाच्या तोंडावरचे रक्त हा एकच पुरावा आहे; रामाचा हात क्षणभर थांबला आणि या आईचा थांबला नाही, एवढाच काय तो दोन कथांतील फरक. ही कथा पुढे अरबी-फारसी भाषांतून पश्चिमेस गेली आणि युरोपात पोचेपर्यंत मुंगसाचा कुत्रा झाला. फ्रान्समध्ये लिऑनजवळच्या खेड्यांतील शेतकरी अशाच एका निरपराध मारल्या गेलेल्या कुत्र्याला, गिनफोरला, संत मानून त्याच्या स्थानी आपली आजारी मुले आणीत, ही हकीकत तेराव्या शतकात एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाने नोंदवून ठेवली आहे. ती प्रथा मोडून काढण्याचा प्रयत्न त्याने केला, तरी ती पुढे कित्येक शतके टिकून राहिली. अन्यायाने मेलेल्या एका कुत्र्यापाशी आईबापांनी आपल्या लेकरांसाठी नवस बोलावे, यापरता त्या कथेच्या सामर्थ्याचा दुसरा पुरावा कोणता द्यावा?

आता ज्या कथेसाठी मी हे सारे प्रास्ताविक केले तिच्याकडे येतो. धाराशिवपासून जवळच असलेले तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात या नगराचा उल्लेख भडोचच्या बंदराला माल पुरविणारी मोठी पेठ म्हणून येतो. तेथील उत्खननात विटांचा बौद्ध स्तूप सापडला. आज ज्याला आपण त्रिविक्रमाचे देऊळ म्हणतो ती वास्तूही मूळची विटांनी बांधलेला चैत्य असावी असे पुरातत्त्ववेत्ते मानतात. आणि लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या मृण्मय मूर्ती व हस्तिदंती कामाचे नमुने पाहावयास मिळतात. अशा गावी व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर आलेल्या भिक्षूंनी संध्याकाळी जातककथा सांगितल्या असतील, अशी कल्पना करण्यास प्रत्यवाय नसावा. त्या जातकांतील बाविसावे, कुक्कुर जातक, हे मी वाचलेल्या सर्व प्राणि-शोधकथांत सर्वश्रेष्ठ मानतो. दुर्गाबाई भागवतांनी ‘सिद्धार्थ जातक’ या नावाने जातकांचे समग्र मराठी रूपांतर करून ठेवले असल्यामुळे जिज्ञासूंना ते दुर्लभ नाही.

काशीचा राजा ब्रह्मदत्त उद्यानातून सायंकाळी परततो. रथ साजासह राजवाड्याच्या अंगणात तसाच राहतो, रात्री पाऊस पडतो, आणि भिजून मऊ झालेले रथाचे कातडे कुत्री खाऊन टाकतात. सकाळी सेवक सांगतात की गटाराच्या वाटेने बाहेरची कुत्री आत शिरली. राजा संतापतो आणि हुकूम सोडतो की दिसेल तेथे कुत्रा ठार करावा. संहार सुरू होतो. वाचलेली कुत्री स्मशानात राहणाऱ्या आपल्या नायकाकडे धावत येतात. हा नायक म्हणजे बोधिसत्त्व, बुद्धाचाच एक पूर्वजन्म. तो आपल्या बांधवांना धीर देतो आणि मनाशी विचार करतो: राजवाड्याभोवती पहारा आहे, बाहेरच्या कुत्र्याला आत जाण्यास मार्गच नाही, तेव्हा हे काम आतल्यांचेच, राजाच्या पाळीव कुत्र्यांचेच असले पाहिजे. एखादा साधा कथाकार येथे त्याला वाड्यात चोरून शिरावयास लावील. बोधिसत्त्व तसे करीत नाही. कुत्रा दिसताच मारावा असा हुकूम असलेल्या त्या नगरीतून तो, मनात सर्वांविषयी मैत्रीभाव धरून, एकटाच चालत जातो, आणि त्याच्यावर हात उगारण्याचे धैर्य कोणालाही होत नाही. तो थेट न्यायसभेत जाऊन सिंहासनाखाली बसतो.

त्यानंतरची उलटतपासणी वकिलीचा अभ्यास करणाऱ्यांनीही वाचावी अशी आहे. कुत्र्यांना मारण्याचा हुकूम आपण दिला काय? दिला. त्यांचा अपराध काय? रथाचे कातडे खाल्ले. कोणी खाल्ले हे ठाऊक आहे? नाही. मग सर्वच कुत्र्यांना मारीत आहात काय? नाही, वाड्यातील उत्तम जातीच्या कुत्र्यांना वगळले आहे. येथे तो कुत्रा राजाला स्वच्छ सांगतो की गुन्हेगार कोण हे न शोधता दुर्बळांना मारणे आणि आपल्या माणसांना वगळणे हा न्याय नव्हे, पक्षपात आहे. राजाने तराजूप्रमाणे सम असावे. राजा विचारतो की, अपराधी कोण हे तुला ठाऊक आहे काय? तो म्हणतो, आपल्याच वाड्यातील कुत्री. हे शाबीत कसे करशील, असे विचारताच तो थोडे ताक आणि थोडे दर्भ मागवितो, ते एकत्र कुटून पाळीव कुत्र्यांना पाजावयास सांगतो, आणि ती कुत्री सर्वांसमक्ष ओकून कातड्याचे तुकडे बाहेर टाकतात. मुद्देमाल हजर झाला, चौकशी संपली.

परंतु जातककाराची थोरवी चौकशीनंतरच्या वर्तनात दिसते. पाळीव कुत्र्यांना सुळावर द्या अशी मागणी तो बोधिसत्त्व करीत नाही. भूक लागलेल्या कुत्र्याने भिजलेले कातडे खाल्ले यात मारण्याजोगे काय आहे, हा प्रश्न कथेत उच्चारला जात नसला तरी तिच्या रचनेतच सामावलेला आहे. राजा त्याला श्वेतच्छत्र अर्पण करतो; तो ते परत करून राजाला पंचशीलाचा व न्यायाचा उपदेश करतो, आणि राजा नगरातील सर्व प्राण्यांना अभय व सर्व कुत्र्यांना आपल्या पंक्तीचे अन्न नित्य मिळावे अशी तजवीज करतो. तपास हा शिक्षेसाठी असतो असे आपण गृहीत धरतो. येथे तो अभयासाठी झाला आहे. मुलांसाठी शोधकथा लिहिताना शेवटच्या पानावर बेड्या ठोकल्याच पाहिजेत असे मानणाऱ्या लेखकांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

याच संग्रहातील विसावे जातकही या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. तळ्याकाठी तहानलेल्या वानरांचा नायक पाणी पिण्याआधी काठ न्याहाळतो, आणि त्याला दिसते की पाण्याकडे उतरलेली पावले आहेत, वर चढलेले एकही पाऊल नाही. तळ्यात राक्षस आहे हे तो ताडतो, आणि बोरूच्या पोकळ नळीने पाणी ओढून घेऊन सर्व कळपाला काठावरूनच पाणी पाजतो. या एका निरीक्षणाने सारा कळप वाचतो.

कुत्र्याला शोधाचे काम देण्याची कल्पना जातकांहूनही जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात सरमा ही इंद्राची कुत्री पणींनी पळविलेल्या गाईंचा माग काढीत रसा नदी ओलांडून त्यांच्या गुहेपर्यंत जाते; पणी तिला बहीण म्हणतात, गाईंतला वाटा देऊ करतात, आणि ती ते लालूच झुगारून देते. पुढे बृहद्देवतेत हीच कथा बदलली: तेथे सरमा पणींचे दूध पिऊन येते आणि इंद्रापुढे खोटे बोलते, परंतु त्याच्या लाथेसरशी दूध ओकल्यामुळे उघडी पडते. मला अर्थातच पहिली सरमा अधिक प्रिय आहे. आणि महाभारताच्या आरंभीच, जनमेजयाच्या यज्ञात सरमेच्या पिलाने हविर्द्रव्याला तोंडही लावलेले नसताना राजाचे भाऊ त्याला मारतात, तेव्हा ती आई येऊन जाब विचारते की याने काय अपराध केला; उत्तर मिळत नाही, आणि ती शाप देते. एवढ्या विशाल ग्रंथाच्या उंबरठ्यावर व्यासांनी विनाचौकशी मार खाल्लेले एक कुत्र्याचे पिलू उभे करावे, आणि शेवटी स्वर्गाच्या दाराशी धर्मराजाबरोबर पुन्हा एक कुत्राच आणून ठेवावा, ही योजना सहेतुक आहे असे मला वाटते.

धाराशिव शहराजवळच्या डोंगरातील लेण्यांशी निगडित असलेली कथा मात्र या जिल्ह्याच्या बाहेर फारशी कोणाला ठाऊक नाही, आणि जिल्ह्यातही ती शाळांतून सांगितली जात असावी असे दिसत नाही. अकराव्या शतकात मुनी कनकामर यांनी अपभ्रंश भाषेत ‘करकंडचरिउ’ हे काव्य रचले; डॉ. हिरालाल जैन यांनी ते विसाव्या शतकात संपादून कारंजाच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध केले आणि त्यातील तेरापूरचे वर्णन याच लेण्यांना लागू पडते हे दाखवून दिले. काव्यातील राजा करकंड दिग्विजयाच्या वाटेवर तेरापुरास येतो. तेथील राजा त्याला डोंगरातील लेण्याविषयी सांगतो आणि त्याबरोबर एक नवल सांगतो: डोंगरावर एक वारूळ आहे, आणि एक हत्ती रोज तळ्यातून सोंडेत पाणी व कमळ घेऊन येतो, त्या वारुळावर पाणी घालतो, कमळ वाहतो आणि निघून जातो. दुसरा कोणी असता तर त्याने हत्ती पकडावयास माणसे पाठविली असती. करकंड वेगळा विचार करतो: पशू निष्कारण असे वागणार नाही, या वारुळात काही तरी असले पाहिजे. तो ते खणवितो, आणि आत पार्श्वनाथाची मूर्ती सापडते. पुढे त्या मूर्तीच्या आसनावरची गाठ फोडताच पाण्याचा लोंढा उसळून लेणे जलमय झाल्याचा आणि राजाने वर नवी लेणी कोरविल्याचा वृत्तान्त येतो, तो वास्तुशास्त्राच्या अभ्यासकांच्या दृष्टीने महत्त्वाचा. माझे मन मात्र त्या हत्तीपाशीच रेंगाळते. एका रानटी प्राण्याच्या वागण्यात अर्थ आहे असे मानण्याची तयारी राजाने दाखविली, म्हणून रहस्य उलगडले.

या करकंडाविषयी, म्हणजे करकंडूविषयी, जैनांच्या उत्तराध्ययन सूत्राच्या टीकाकारांनी दुसरी एक कथा जतन केली आहे, तीही येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याच्या गोठ्यात एक शुभ्र गोजिरवाणे वासरू जन्मले. त्याच्यावर त्याचा इतका जीव जडला की त्याच्या आईचे दूध काढू नये, सारे वासरालाच पाजावे, असा हुकूम त्याने दिला. ते वाढून मदमस्त पोळ झाले. राजा पुष्कळ दिवस राज्यकारभारात गुंतून राहिला, आणि नंतर गोठ्यात आला तेव्हा त्याला एक जर्जर बैल दिसला, ज्याला इतर गुरे ढुशा देत होती. माझा पोळ कोठे आहे, असे त्याने विचारले. गोपालांनी त्या बैलाकडे बोट दाखविले. त्या दर्शनाने राजाला वैराग्य प्राप्त झाले असे परंपरा सांगते.

प्राण्याच्या खुणांवरून तर्क करण्याची आणि त्या तर्कातून त्या प्राण्याचे दुःख जाणण्याची जी परंपरा आहे तिचा प्रवास फार लांबवर झाला आहे. जैनांच्याच नंदीसूत्राच्या टीकांत दोन शिष्यांची कथा येते: वाटेवरची पावले आणि एकाच बाजूने खाल्लेला पाला पाहून त्यांतला एक ओळखतो की येथून हत्तीण गेली, आणि ती एका डोळ्याने आंधळी आहे. हरवलेल्या उंटाच्या कथेतही हेच घडते. उंट न पाहिलेले तिघे भाऊ सांगतात की तो काणा आहे, त्याचा एक दात पडला आहे आणि एका पायाने तो लंगडतो. ही उंटकथा 1557 मध्ये व्हेनिसला छापल्या गेलेल्या सरनद्वीपच्या तीन राजपुत्रांच्या पुस्तकातून युरोपात पसरली, अठराव्या शतकात व्होल्तेरने आपल्या ‘झादिग’ मध्ये तिचे कुत्री व घोडा यांच्यावर रूपांतर केले, आणि तेथून आधुनिक शोधकथेपर्यंतचे अंतर थोडेच उरले. एडगर अ‍ॅलन पो याच्या 1841 मधील कथेत, जिला आधुनिक शोधकथेचा आरंभ मानतात, खून करणारा ओरांगउटान निघतो. कॉनन डॉयलच्या 1892 मधील ‘सिल्व्हर ब्लेझ’ मध्ये रात्री कुत्रा भुंकला नाही या एका गोष्टीवरून शेरलॉक होम्स चोर घरातलाच हे ओळखतो. ब्रह्मदत्ताच्या वाड्यातील तर्क आणि हा तर्क यांतील साम्य वाचकांच्या ध्यानी आलेच असेल.

आपल्या गावगाड्यातही ही विद्या पुस्तकी नव्हती. पेशवाईच्या अस्तानंतर एल्फिन्स्टनने 1819 मध्ये जो अहवाल पाठविला त्यात गावच्या जागल्याचे कर्तव्य नमूद आहे: चोराचा माग काढावा, तो शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत न्यावा, आणि तेथील जागल्याच्या हवाली करावा, मग पुढचा भार त्या गावावर. चोरीस गेलेल्या बैलाच्या खुरांचा ठसा हजारांत ओळखणारी माणसे या व्यवस्थेने निर्माण केली. त्यांच्या ज्ञानाची नोंद फारशी कोणी केली नाही, आणि मुलांच्या पुस्तकांत तर ते जवळजवळ उतरलेलेच नाही, याची मला मनस्वी खंत वाटते.

मराठी बालवाङ्मयाचा आरंभ प्राण्यांपासूनच झाला. तंजावरास सरफोजी राजांच्या प्रोत्साहनाने छापली गेलेली ‘बालबोधमुक्तावली’ म्हणजे इसापाच्याच कथा, आणि सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी 1828 मध्ये ‘इसापनीति’ मराठीत आणली. परंतु इसापाचे प्राणी हे माणसांचे मुखवटे आहेत. कोल्हा लबाड आणि गाढव मूर्ख हे तेथे आधीच ठरलेले असते, चौकशीला वाव नसतो. उलट, विसाव्या शतकात भा. रा. भागवतांनी फुरसुंगीच्या बनेश फेणेला घेऊन मराठी मुलांना शोधाची गोडी लावली तेव्हा नायक माणसाचा मुलगा होता, आणि ते स्वाभाविकच होते. इंग्रजीत एनिड ब्लायटनच्या पाच जणांत टिमी हा कुत्रा पाचवा म्हणून बरोबरीने मोजला गेला. बंगालीत षष्ठीपद चट्टोपाध्याय यांच्या ‘पांडव गोएंदा’ मध्ये मुलांबरोबर पंचू नावाचा एकाक्ष कुत्रा आला, आणि त्या व्यंगामुळेच तो मुलांना अधिक जवळचा झाला असावा. मराठीत एकीकडे प्राण्यांच्या नीतिकथा आणि दुसरीकडे मुलांच्या साहसकथा अशा दोन वाटा राहिल्या. व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली यांनी प्राण्याला प्राणी म्हणून पाहण्याची दृष्टी प्रौढ वाचकांना दिली. ती दृष्टी आणि भागवतांची उत्कंठा एकाच बालकथेत नांदताना पाहण्याची माझी इच्छा आहे.

त्यासाठी सामग्री दूर शोधावी लागणार नाही. ज्या रामलिंगाच्या घाटात जटायूची समाधी दाखवितात त्याच घाटाचे रान 1997 पासून येडशी रामलिंग घाट अभयारण्य म्हणून संरक्षित आहे, आणि 2024 च्या डिसेंबरात तेथील स्वयंचलित कॅमेऱ्यात, जेथे वाघ असल्याचे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते तेथे, एक वाघ उमटला. प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची मांडणी स्वतंत्र असते, आणि डाव्या व उजव्या कुशीचीही वेगवेगळी असते. त्या पट्ट्यांची पूर्वीच्या छायाचित्रांशी ताडणी केल्यावर निष्पन्न झाले की हा तरुण नर यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून, शेकडो किलोमीटरची वाट शेतांतून, नाल्यांतून, हमरस्ते ओलांडून चालत आला आहे. तरुण नर वाघाला जन्मक्षेत्र सोडून स्वतःचा मुलूख शोधावा लागतो, हा निसर्गाचाच नियम; याने तो येथवर येऊन पाळला. मग जनावरे मारली जाऊ लागली, शेतकऱ्यांना रात्री पाणी द्यावयास जाणे अवघड झाले, त्यांची भीती आणि त्यांचे नुकसान दोन्ही खरे होते. वनखात्याने त्याला पकडून अन्यत्र नेण्याचे प्रयत्न आरंभले, आणि तो दीर्घकाळ हुलकावण्या देत राहिला.

अशा दिवसांत मेलेल्या प्रत्येक वासराचा आळ एकाच प्राण्यावर येतो, आणि येथेच बालशोधकाचे काम सुरू होते. मारलेल्या जनावराचा पंचनामा करताना वनरक्षक काय पाहतो? वाघ मोठ्या जनावराचा बहुधा गळा धरतो आणि खाण्यास बहुधा मागच्या बाजूने आरंभ करतो; बिबट्या पुष्कळदा पोटाकडून खातो; मोकाट कुत्री जागोजाग लचके तोडतात. मार्जारकुळातील प्राणी चालताना नख्या आत ओढून घेतो म्हणून त्याच्या ठशात नखे उमटत नाहीत. लांडग्याच्या आणि कुत्र्याच्या ठशात ती स्पष्ट उमटतात. तरसाचे पुढचे पाऊल मागच्याहून लक्षणीय मोठे असते. दहा वर्षांच्या मुलाला या गोष्टी एका दुपारी शिकविता येतात, आणि एकदा शिकल्या म्हणजे ओढ्याकाठचा चिखल त्याला वाचता येऊ लागतो.

तेव्हा अशी एक गोष्ट कोणी तरी लिहावी: येडशीच्या एखाद्या धनगराच्या पोराजवळ एक कुत्रा असावा, गावाने लांडग्याच्या बिळाला धूर द्यावयाचे ठरविलेले असावे, कारण दोन कोकरे नाहीशी झालेली आहेत, आणि त्या कुत्र्याने, जो स्वतःही लांडग्याचा हाडवैरी आहे, बिळाकडे न जाता उलट दिशेला, वस्तीकडेच, माग धरून हट्टाने बसावे. पोराने त्याला दोनदा दटावून परत आणावे. तिसऱ्यांदा मात्र खाली वाकून त्या ठशांतील नखे मोजावीत, पावलाची लांबी काठीवर खूण करून घ्यावी, आणि ती काठी घेऊन पाटलाच्या ओट्यावर जमलेल्या मंडळींपुढे उभे राहावे. कोकरे नेणारी वस्तीतलीच उपाशी सोडलेली कुत्री आहेत हे शाबीत झाल्यावर त्या कुत्र्यांचे काय करावे, हा प्रश्न त्या पोराच्या तोंडून पडावा, आणि ओट्यावरच्या म्हाताऱ्याने विचारावे की, त्यांना भाकरी टाकण्याची पाळी कोणाची होती.